सगळ्यांची सात तास झोप

आमच्या प्रयोगशाळेत कोणी कधी सहा तास झोपलेलं नाही. आठही नाही. नऊ वर्षांचे कागद माझ्याच कपाटात आहेत, हवं तर येऊन बघा. ‘काल रात्री किती तास झोपलात?’ या प्रश्नापुढे सात, सात, सात. त्याखाली ‘गेल्या चोवीस तासांत दारू घेतलीत का?’ त्यापुढे नाही, नाही, नाही. अख्ख्या छंगजू शहरात इतकी सोज्वळ माणसं एका खोलीत सापडायची नाहीत.

मी प्यो. पोरं मला प्यो बाई म्हणतात. वीस वर्षं मी इस्पितळात रोग्यांच्या मेंदूचे आलेख काढले, मग मिन सरांनी विद्यापीठात बोलावून घेतलं. इथलं काम सांगायला सोपं आहे. चुंबकाची कॉइल माणसाच्या डोक्याला टेकवायची आणि बटण दाबायचं. टक् असा आवाज होतो आणि कवटीला धक्का न लावता आतला मेंदूचा तेवढाच तुकडा क्षणभर जागा होतो. कॉइल दिसते दोन बांगड्या शेजारी शेजारी चिकटवल्यासारखी. बरोबर जागी धरली की खुर्चीतल्या माणसाचा अंगठा आपोआप उडतो आणि तो म्हणतो, “मी नाही हलवला.” सगळेच म्हणतात. मोठमोठे डॉक्टरसुद्धा लहान मुलासारखे आपल्याच अंगठ्याकडे बघत बसतात.

मनाच्या आजाराला, लकवा मारलेल्या हाताला याचा उपयोग होतो, म्हणून वर्षातून दोनदा देशभरातले तरुण संशोधक तीन दिवसांच्या प्रशिक्षणाला आमच्याकडे येतात. सर त्यांना मेंदू शिकवतात आणि मी हात शिकवते. कॉइल किती कलती धरायची, मनगट कधी सैल सोडायचं, हे काही पुस्तकात लिहिलेलं नसतं.

सरांचा एक नियम आहे. ज्याने स्वतःच्या डोक्यावर कॉइलची पुरी पाळी घेतली नाही, त्याने ती दुसऱ्याच्या डोक्यावर धरायची नाही. तसल्याला ते प्रमाणपत्र देत नाहीत, आणि त्यांच्या प्रमाणपत्राशिवाय या कामात कुणी दारात उभं करत नाही. नियम चांगला आहे, मी आजही म्हणेन. दुसऱ्याच्या डोक्याशी खेळणाऱ्याला आधी आपलं डोकं द्यायला काय झालं?

सरांची दुसरी रीत म्हणजे पहिल्या दिवसाचं संध्याकाळचं जेवण. शेगड्यांवर डुकराचं मांस चरचरत असतं आणि सर सोजू दारूची बाटली घेऊन एकेका टेबलाशी जातात, प्रत्येकाला नावाने हाक मारतात आणि स्वतःच्या हाताने ओततात. दिलदार माणूस. पंचवीस जणांत कुणाची आई आजारी आहे ते त्यांना ठाऊक असतं. गुरूने ओतलं की दोन्ही हातांनी पेला धरायचा, तोंड बाजूला वळवायचं आणि रिकामा करायचा. नाही म्हणायची सोय नाही असं नाही. एकदा एका पोराने म्हटलं, औषधं चालू आहेत. सरांनी इतक्या काळजीने, सगळ्यांदेखत, तीनतीनदा विचारलं की कसली औषधं, कधीपासून, घरी कोण बघतं, की बिचारा कानापर्यंत लाल झाला. त्यानंतर कुणी नाही म्हटलेलं मला आठवत नाही.

नऊच्या ठोक्याला सर घरी जाऊन झोपतात. पोरं मात्र परत येऊन दुसऱ्या दिवसाची यंत्रं लावतात. आणि सकाळी ते सुरक्षेचे कागद भरून घेतो कोण? स्वतः सर. सुरक्षा ही माझी जबाबदारी, मी दुसऱ्यावर टाकणार नाही, असं म्हणून एकेक कागद हातात घेतात, वाचतात आणि खाली सही करतात. आता सांगा, काल ज्यांनी प्रेमाने पाजली त्यांच्याच हातात ‘हो, दारू घेतली’ असं लिहून कोण देणार? म्हणून सगळे सात तास झोपतात.

यंदा प्रात्यक्षिकाच्या खुर्चीत बोरिम बसणार होती. बोरिम म्हणजे सरांची पीएचडीची विद्यार्थिनी, मोकपोकडची, बापाविना वाढलेली. अठ्ठावीस वर्षांची. नऊ वर्षांत माझ्या हाताखालून गेलेल्या पोरांत हिचा हात सर्वात शांत. मार्चपासून तिला ग्वांगजूच्या एका नव्या केंद्रात नोकरी लागणार होती, लकवा झालेल्यांवर याच यंत्राने उपचार करायची. सरांचं पत्र आणि या खेपेचं प्रमाणपत्र एवढंच बाकी होतं.

गुरुवारी सकाळी मी तिच्या अंगठ्याच्या मुळाशी तारांच्या चकत्या चिकटवत होते. डोळे बघितले आणि विचारलं, “किती झोपलीस?”

“तीन तास असतील, बाई. परवाही तेवढीच. ऊजे सनबेंचं यंत्र संगणकाशी बोलेना, मग मीच बसले.” ऊजे म्हणजे तिच्या वरचा विद्यार्थी; वरच्याला इथे सनबे म्हणतात. वरच्याने हात टेकले की खालच्याने बसायचं, हे इथे सांगावं लागत नाही.

“आणि प्यालीस किती?”

“सरांनी पाच वेळा ओतली. मी मोजत नव्हते, सनबे मोजत होते.”

“कागदावर काय लिहिलंस?”

ती गालात हसली. “सात.”

“अगं, खरं लिहावं माणसाने.”

“बाई, बाहेर चोवीस पाहुणे बसलेत. मी नाही म्हटलं तर ऐन वेळी कोण बसणार, तुम्ही? आणि सरांना काय लिहून देऊ, तुम्ही पाजलीत म्हणून?”

मीही हसले. हे माझं पाप, इथेच सांगून टाकते. झोप नसली की मेंदू बिथरतो, आदल्या दिवशीच्या दारूने आणखी बिथरतो, आणि अशा मेंदूला चुंबकाने डिवचलं तर झटका येऊ शकतो, हे मीच पहिल्या दिवशी फळ्यावर लिहिते. लाल खडूने. आणि दुसऱ्या दिवशी हसून कॉइल उचलते. नऊ वर्षं काही झालं नव्हतं ना. झाकली मूठ सव्वा लाखाची.

सर पाहुण्यांना समजावत होते. मी बोरिमच्या कानात बोळे घातले आणि कॉइल टेकवली. आधी सुटे ठोके झाले. अंगठा छान उडत होता. मग सलग ठोक्यांची पाळी, ताकद कमी ठेवून. पहिली फेरी झाली, दुसरी झाली. तिसरी संपून यंत्र थांबलं आणि बोरिमचा अंगठा थांबला नाही.

मी तिच्याकडे बघितलं. तीही आपल्या अंगठ्याकडे बघत होती. मग मनगट उडायला लागलं, मग कोपर, मग तोंडाची एक बाजू ओढली गेली. पुढे सगळं अंग ताठ झालं. मी कॉइल फेकली, तिला कुशीवर वळवलं आणि घड्याळात बघितलं, कारण इस्पितळात हात ते वीस वर्षं करत होते. पन्नास सेकंद. सर गुडघ्यांवर बसले होते आणि तिचं डोकं जमिनीवर आपटू नये म्हणून दोन्ही तळहातांत धरून होते. नंतरही, रुग्णवाहिका येईपर्यंत, त्यांनी ते डोकं खाली ठेवलं नाही.

पोरगी दुपारी शुद्धीवर आली, बोलायला लागली, भाताची पेज प्यायली. मला वाटलं, सुटलो. कसले सुटलो.

शुक्रवारी सकाळी मेंदूविकाराच्या डॉक्टर योम यांनी मला बाहेर बोलावलं. पन्नाशीची, कमी बोलणारी बाई. तिच्या हातात आमचा सुरक्षेचा कागद होता, खाली सरांची सही.

“आलेखात एक टोक दिसतंय,” ती म्हणाली. “लहान आहे. जागरण झालेल्या माणसात असं दिसलं तर मी सोडून देईन. पण ही तर सात तास झोपलेली, दारू नाही, औषधं नाहीत. तुम्ही दिलेली ताकदही मर्यादेच्या आत. धडधाकट माणसाला एवढ्यावर झटका येत नाही, प्यो बाई. म्हणजे मूळ तिच्यातच असणार.”

“मूळ म्हणजे?”

“अपस्मार. सोमवारी निदान लिहिते आणि औषध सुरू करते. वर्षानुवर्षं घ्यावं लागेल. आणि तुमचं यंत्र तिच्या डोक्याजवळ पुन्हा न्यायचं नाही.”

बोरिमची पाळी अर्धीच राहिली होती. डोक्याजवळ न्यायचं नाही म्हणजे ती आता पुरी होणार नाही, आणि सरांच्या नियमाने प्रमाणपत्र नाही. प्रमाणपत्र नाही म्हणजे ग्वांगजू नाही, हे कामच नाही. पोरीच्या आयुष्याची सहा वर्षं आणि पुढचं सगळं त्या एका आकड्यावर टांगलेलं, आणि तो आकडा खोटा. गंमत बघा, त्याच आकड्याने आमची प्रयोगशाळा मात्र धुतल्या तांदळासारखी स्वच्छ ठरत होती. नियम पाळले, कागद भरला, सही झाली. दोष पोरीच्या मेंदूचा.

मी तडक बोरिमकडे गेले. “डॉक्टरांना खरं सांग. आत्ता.”

ती उशीकडे बघत राहिली. “सांगून काय होईल, बाई? चौकशी होईल. सरांनी पाजली, असं छापून येईल. त्यांनी माझी फी भरली होती दुसऱ्या वर्षी, तुम्हाला माहितीये?”

“आणि तुझं काय?”

“माझं मी बघेन. गोळ्या तर गोळ्या.”

“मोठी आलीस गोळ्या खाणारी.” राग तर असा आला होता की हलवावं धरून. पण तेवढ्यात तिची आई आली. मोकपोहून पहाटेच्या बसने निघालेली, हातात समुद्रशेवाळाच्या पापडांचं खोकं, ते सरांसाठी. मी कोण ते कळताच बाई कमरेतून वाकली. माझ्या पोरीला तुम्ही शिकवलंत, तुम्हीच कुशीवर वळवलंत, म्हणाली. मला तिथे उभं राहवेना. तिने मला दाराबाहेर गाठलं आणि हळूच विचारलं, “हे रक्तातून येतं ना हो? आमच्याकडे कुणाला नाही. हिच्या बापाचे एक काका होते, वल्हवताना बोटीत पडायचे म्हणे. त्यांचंच असेल का? लग्नाआधी मी नीट चौकशी करायला हवी होती. माझंच चुकलं.”

मेलेल्या नवऱ्याच्या काकापर्यंत पोचली होती ती बिचारी. आणि ज्या बाईने कॉइल धरली होती ती समोर उभी राहून म्हणत होती, “नाही हो, तुमचं कसं चुकेल?”

सर इस्पितळाच्या अंगणात बाकावर बसले होते. हातातली कॉफी गार झालेली. मी शेजारी बसले आणि म्हटलं, “सर, ती सात तास झोपली नव्हती.”

“कागदावर सात आहे, बाई. मी स्वतः वाचलं.”

“कागदावर सगळ्यांचेच सात आहेत. नऊ वर्षं. सात तास झोपतात ही पोरं? तुम्ही गेल्यावर परत येऊन यंत्रं लावतात.”

“मग मला कुणी सांगितलं का नाही?”

“कोण सांगणार?”

ते म्हणाले, “जेवणातली पेलाभर काही दारू नव्हे.”

“पाच पेले, सर. तुम्हीच ओतलेत. तिने तुमच्याच हातात लिहून द्यायचं होतं.”

“म्हणजे माझे विद्यार्थी मला खोटं लिहून देतात.” हे त्यांनी रागाने म्हटलं नाही. घरात चोरी झाल्याचं कुणी उशिरा सांगावं, तसे ते माझ्याकडे बघत होते. “आणि तुम्ही? तुम्हाला ठाऊक होतं?”

“संशय होता,” मी म्हटलं.

संशय. माझा करार दर फेब्रुवारीत नवा होतो, घरी नवऱ्याची कंबर मोडलेली, आणि चौपन्नाव्या वर्षी मला दुसरीकडे कोण घेणार? हे सगळं त्या एका शब्दात होतं. आपलं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं पाहायचं वाकून, दुसरं काय.

सर उठले. “चला. मी विचारतो तिला. माझ्याशी ती खोटं बोलणार नाही.”

खोलीत बोरिम उशाला टेकून बसली होती, आई शेजारी, डॉक्टर योम खिडकीपाशी आलेख चाळत होती. सरांना बघताच बोरिमने पाय खाली सोडले, उभी राहायला लागली. “बस, बस,” सर म्हणाले. “बोरिम, बुधवारी रात्री किती झोपलीस?”

“सात तास, सर.”

“खरं सांग. मी रागावणार नाही.”

“सात तास, सर.”

“किती पेले झाले होते?”

“मी घेतलीच नव्हती, सर.”

त्यांनीच ओतलेली. त्यांच्यासमोर तोंड वळवून प्यायलेली. आणि ती मान खाली घालून म्हणत होती, घेतलीच नव्हती. सर आणखी एकदा विचारायला गेले, तोंड उघडलं आणि थांबले. त्यांचा चेहरा मी नऊ वर्षं बघत आले होते, पण तो एवढा म्हातारा कधी दिसला नव्हता. त्यांना तिथे, त्या क्षणी कळलं, की ते विचारताहेत तोवर उत्तर सातच राहणार. कितीही प्रेमाने विचारलं तरी. प्रेमाने विचारलं तर जास्तच.

ते डॉक्टरांकडे वळले. “मी बाहेर जातो. मी खाली फाटकापर्यंत जातो. माझ्या मागे ही जे सांगेल ते खरं धरा, आणि तो कागद मला दाखवायला आणू नका. मला विचारायचं असेल ते मला वेगळं विचारा. दारू मी पाजली होती.” मग बोरिमच्या आईपुढे वाकले आणि गेले. दार त्यांनी स्वतः ओढून घेतलं.

जिन्यावरची पावलं ऐकू येईनाशी झाली तशी बोरिम रडायला लागली. “तीन तास,” ती म्हणाली. “त्याच्या आदल्या रात्रीही तीन. आणि पाच पेले.” आई काही न समजून तिच्या पाठीवर हात फिरवत राहिली.

मी मोकळा श्वास घेतला. झालं एकदाचं, आणि माझ्याशिवाय झालं.

पण डॉक्टर योमने काही लिहिलं नाही. पेन तसंच बोटांत. “पोरी, तुझ्यावर माझा विश्वास आहे,” ती म्हणाली. “पण अपस्मार म्हटलं की प्रत्येक रोगी दुसऱ्या दिवशी सांगतो की मी झोपलोच नव्हतो. तुझी नोकरी यावर आहे. तुझ्या सरांना, सोबत्यांना तुझी माया आहे, तेही तुझ्यासाठी बोलतील. रक्त घेतलं तोवर त्यात दारूचं काही उरलं नव्हतं. माझ्या हातात झटक्याच्या आधीचा एकच पुरावा आहे आणि त्यावर सात लिहिलंय. झटका यायच्या आधी हे तू कुणाला बोलली होतीस का?”

बोरिमने डोळे पुसले. माझ्याकडे बघितलं नाही. मुद्दाम बघितलं नाही, मला कळलं. “नाही,” ती म्हणाली. “कुणालाच नाही.”

सरांना वाचवत होती तसं ती आता मला वाचवत होती. मी गप्प बसले असते तरी चाललं असतं, कुणाला कधी कळलं नसतं. खरं सांगते, मी गप्प बसलेही. किती वेळ ते ठाऊक नाही, त्या वेळेला मी घड्याळ बघितलं नाही. डॉक्टरने कागद फाइलमध्ये सरकवायला घेतला तेव्हा माझ्या तोंडून निघालं, “मला बोलली होती.”

तिघी माझ्याकडे वळल्या.

“सकाळी, खुर्चीत. मी चकत्या लावत होते. मीच विचारलं, किती झोपलीस. तीन म्हणाली. दारूचंही विचारलं, तेही तिने सांगितलं. कागदावर सात लिहिलंय हेही मला माहीत होतं.”

“आणि मग?” डॉक्टरने विचारलं.

“मग मी तिच्या कानात बोळे घातले आणि कॉइल धरली.”

“हे मला तुमच्या नावानिशी लिहावं लागेल, प्यो बाई. विद्यापीठाच्या समितीकडे जाईल.”

“लिहा.”

तिने सुरक्षेचा कागद फाइलमधून बाहेर काढून बाजूला ठेवला आणि कोरा कागद घेतला. जागरण आणि दारूमुळे आलेला झटका, असं ती लिहिता लिहिता स्वतःशीच बोलली. औषधाची गरज नाही. चार आठवड्यांनी, नीट झोपवून, आलेख पुन्हा काढावा; तो स्वच्छ आला तर यंत्राला मनाई नाही. बोरिम तोंडावर हात धरून बसली होती.

आईला यातलं अर्धंच कळलं असावं. ती उठून माझ्याजवळ आली. तिच्या आवाजात राग नव्हता, तो असता तर बरं झालं असतं. तिला खरंच समजून घ्यायचं होतं.

“तुम्हाला माहीत होतं,” ती म्हणाली, “आणि तरी तुम्ही तिच्या डोक्यावर ते धरलंत?”

“हो,” मी म्हटलं. “धरलं.”